वर्गात पुढे घसरणाऱ्या मुलाची बैठक कशी बसवावी

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली आणि शरीराची ठेवण यांवर ताबा न राहणे) असलेले मूल बाकावरून पुढे घसरत असेल, तर ‘सरळ बस’ असे त्याला बजावण्यात काहीही अर्थ नाही. मुलाची फिजिओथेरपिस्टकडून तपासणी झाली आहे आणि न डगमगणारी, पाठ असलेली लाकडी खुर्ची हाताशी आहे, असे येथे गृहीत धरले आहे. नसल्यास मुख्याध्यापकांकडे खुर्ची मागताना संकोच करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करून देण्याची तरतूद आहे.

सगळी मेख बैठकीच्या खोलीत, म्हणजे तिच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतरात, आणि पावलांच्या जागेत आहे. सुरुवातीच्या काळात मी पाठीमागे उशा रचून पोटावर पट्टा बांधत असे, आणि दुसऱ्या तासाला मूल घसरून पट्टा थेट काखेपर्यंत चढलेला दिसे. हे धोकादायक आहे. पट्टा छातीवर किंवा पोटावर कधीही बांधू नये. बैठक फार खोल असली की तिची कड पोटरीला रुतते आणि गुडघे वाकवता यावेत म्हणून मूल कंबर पुढे सरकवते. म्हणून मूल पूर्ण मागे टेकलेले असताना नितंबांच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत अंतर मोजावे, दोन्ही बाजूंनी मोजावे, आणि बैठक त्याहून दोन-तीन बोटे कमी ठेवावी. जास्तीची खोली पाठीमागे फळी लावून भरावी. मऊ उशी तासाभरात दबते.

त्यानंतर पावले. ती लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट ठेवतात, परंतु बहुतेक जण तो पुढे सरकवून ठेवतात आणि तिथेच घोटाळा होतो. मांडीमागचे ताठर स्नायू नितंब आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवरून जातात. पाय पुढे पसरले की ते ताणले जाऊन कंबरेला पुढे ओढतात आणि पाठीला बाक येतो. टाचा गुडघ्यांच्या बरोबर खाली किंवा किंचित मागे हव्यात. पट्टा लागलाच, तर तो मांड्यांच्या मुळाशी, बैठकीशी साधारण 45 अंशांच्या कोनात तिरका यावा आणि शिक्षकांना एका हाताने सुटावा.

मेज कोपराच्या उंचीला ठेवावे. अर्ध्या-पाऊण तासाने मुलाला उभे करावे किंवा निदान बसण्याची पद्धत बदलावी.

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीपूर्वी स्वतः जाऊन पाहावे: कंबर आणि खुर्चीची पाठ यांच्यात तळहात सहज शिरत असेल, तर खोली पुन्हा मोजावी.