फंकची बैठक: सम धरा, फट ऐका

फंक, म्हणजे ठेका आणि बेसवर उभं असलेलं अमेरिकन कृष्णवर्णीयांचं नाचाचं संगीत, ऐकायला बसायचं तर आधी कूलर बंद करा. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात ही अट जाचक आहे, पण या संगीताची निम्मी मजा स्नेअरवरच्या (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवरच्या) अगदी हलक्या टोल्यांत असते आणि कूलरची घरघर नेमके तेच गिळते. रात्री उशिरा गच्चीवर बसा, नाहीतर बैठक सरळ हिवाळ्यावर ढकला. भरिताच्या पार्टीला शेतात ऐकवणार असाल तर अडचण वेगळी: उघड्यावर भिंती नसतात, खालचा आवाज विरून जातो. स्पीकर मोटारीच्या खोलीच्या भिंतीलगत ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर तर ऐकूच नका. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झला वाजते, तो मूळ सूर त्या इवल्याशा स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. बेस गेला की उरते ती रस्सा नसलेली शेवभाजी. उलट डीजेच्या सवयीने बेस पूर्ण चढवला तर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बेस एकमेकांत मिसळून नुसता घुमारा होतो. बटण मधोमध ठेवा.

आता मोजणं. एका आवर्तनाचे 16 बारीक भाग धरा: तकधिमी चार वेळा. तीनताल येणाऱ्याला हे सोपं जातं, कारण पहिला भाग म्हणजे समच. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून हाच हट्ट धरायचा: बाकी काहीही करा, ‘वन’वर सगळे एकत्र या. 1967 सालचं ‘कोल्ड स्वेट’ त्यासाठी ऐका. टाळी मात्र समेवर देऊ नका, 5 आणि 13 वर द्या. पाय 1 आणि 9 वर. वरातीतल्या सहाच्या ठेक्यावर वाढलेला कान पहिल्या दहा मिनिटांत हमखास घसरतो आणि टाळी समेवर येऊन बसते. घसरलात तर थांबा, फक्त पाय चालू ठेवा, दोन आवर्तनं जाऊ द्या, मग हात जोडा.

सुरुवात न्यू ऑर्लिन्सच्या द मीटर्सच्या ‘सिसी स्ट्रट’ने करा (1969). गाणारं कोणी नाही, वाद्यं चारच: गिटार, बेस, ऑर्गन, ड्रम. तीनदा लावा. एकदा फक्त बेस ऐका, एकदा फक्त ड्रम, आणि तिसऱ्यांदा कोणीच वाजवत नाही त्या जागा. गिटार आणि बेस एकच फ्रेज (सुरांचा तुकडा) मिळून वाजवतात, मग फट सोडतात, आणि त्या फटीत ड्रम बोलतो. ग्रूव्ह (अंग डोलवणारा ठेका) म्हणतात तो इथेच तयार होतो. बँडमधली पोरं ही फट दिसली की लगेच फिलर टाकून बुजवतात. तिथेच सगळं मरतं.

मग ‘फंकी ड्रमर’ (1970), जेम्स ब्राउनचंच, ड्रमवर क्लाइड स्टबलफील्ड. लांब आवृत्ती शोधा. पाच मिनिटं उलटल्यावर बाकीचे थांबतात आणि जेमतेम 20 सेकंद ड्रम एकटा वाजतो. हिप-हॉपवाल्यांनी हा तुकडा असंख्य वेळा उचलला. ऑक्टापॅडवर बसवायचा तर मांडणी अशी:

किक: 1, 3, 7, 11, 14
स्नेअर, जोरात: 5, 13
स्नेअर, हलका: 8, 10, 12, 16
हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी): सगळ्या 16 वर, 8 आणि 14 ला किंचित उघडा

9 पाहा. आपला हात जिथे आपोआप पडतो तिथे किकही नाही, स्नेअरही नाही. तीनतालाची खालीही 9 वरच असते. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला झकास. जोराच्या टोल्याला काठी वीतभर वर, हलक्याला दोन बोटं. ऑक्टापॅडवर हलके टोले उमटतच नसतील तर पॅडची सेन्सिटिव्हिटी वाढवा, हात नव्हे. सगळे सारखेच वाजत असतील तर व्हेलॉसिटी (टोल्याच्या जोराची नोंद) एकाच आकड्यावर अडकलेली असते. मिनिटाला 60 ठोक्यांच्या (चार भागांचा एक ठोका) लयीत सुरू करा आणि 100 च्या आसपास आणा. गाण्यासोबत वाजवताना ब्लूटूथ नको, वायर लावा. ब्लूटूथमधून गाणं उशिरा पोचतं आणि दोष बिचाऱ्या हाताला लागतो.

कीबोर्डवाल्यासाठी स्टीव्ही वंडरचं ‘सुपरस्टिशन’ (1972). ड्रम त्यानेच वाजवलाय, आणि तो खटखटीत, तारेसारखा आवाज क्लॅव्हिनेट या इलेक्ट्रिक कीबोर्डचा. कीबोर्डात ‘क्लॅव्ही’ नावाचा टोन असतो, तो घ्या. रिव्हर्ब (घुमारा) आणि सस्टेन (सूर लांबवणं) दोन्ही बंद. काळी दोनला सा धरा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर, सगळे काळ्या पट्ट्यांवर येतात आणि मुख्य फ्रेज बव्हंशी त्यांतच आहे. बोट पट्टीवरून चटकन उचला. सूर रेंगाळला की पेटीची साथ वाटते.

बेससाठी स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं ‘थँक यू’, 1969 च्या डिसेंबरमधलं. लॅरी ग्रॅहम अंगठ्याने तार ठोकतो आणि बोटाने ओढून सोडतो. त्याच्यावर आईसोबत ड्रमरशिवाय वाजवायची वेळ आली तेव्हा अंगठा किकच्या जागी आणि बोट स्नेअरच्या जागी, अशी ही रीत निघाली. अंगठा फ्रेटबोर्डच्या (बेसच्या मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीच्या) शेवटाशी मारा आणि लगेच मागे घ्या; तारेवर टेकून राहिला तर नुसता ठप्प आवाज येतो.

एका रात्रीला ही पाच गाणी पुरे. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपलं एकच आवडतं आणायचं, आणि कितव्या मिनिटाला काय होतं ते आधी सांगायचं. कोणी नुसतं ‘भारी आहे भो’ म्हणाला, तर तेच गाणं पुन्हा लावा.