एपिडॉरसला ग्रीक नाटक बघताना या चुका टाळा

पहिली फसगत नावातच होते. ग्रीसमध्ये एपिडॉरस नावाची प्राचीन नाट्यगृहं दोन आहेत. जगप्रसिद्ध मोठं नाट्यगृह लिगुरिओ गावाजवळ, अस्क्लेपिओस या वैद्यकदेवतेच्या देवस्थानात. छोटं समुद्रकाठच्या पालेआ एपिडाव्रोसला. उन्हाळ्यात प्रयोग दोन्हीकडे होतात, त्यामुळे मॅपवर नुसतं ‘एपिडॉरस’ टाकून निघू नका. तिकिटावरचं ठिकाण नीट वाचा.

अथेन्सपासून अंतर साधारण १५० किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच तास. मोठ्या नाट्यगृहातले प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये, बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नऊला. आपल्याकडे तिसरी घंटा झाल्यावरही ‘जरा पाय घ्या हं’ चालून जातं. इथे उशीर झाला की बाहेर राहायची तयारी ठेवा.

उंच टाचांना मनाई आहे. २३०० वर्षांपूर्वीच्या चुनखडीच्या दगडाला टाच टोचते, झिजवते. पण गुळगुळीत तळाच्या चपलाही नकोतच. एकूण ५५ रांगा: खालच्या ३४, वरच्या २१ नंतर वाढवलेल्या. चढताना उजेड असतो म्हणून काही वाटत नाही. उतरताना रात्र असते, पायरी अरुंद आणि मागून गर्दी.

वरचं स्वस्त तिकीट काढायला हरकत नाही, पण गाइडच्या नाण्याच्या गोष्टीवर विसंबून नको. मध्यभागी पडलेलं नाणं, पुटपुटलेला शब्दसुद्धा शेवटच्या रांगेत ऐकू येतो, असं छातीठोक सांगतात. २०१७ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या संशोधकांनी मोजमाप केलं, तेव्हा कुजबूज पुढच्या काही रांगांपुरतीच कळते असं निघालं. नटाने आवाज लावला तर मात्र तो वरपर्यंत पोहोचतो. तेव्हा हळू संवाद निसटला तर कानांना दोष देऊ नका. अगदी कडेची जागा मात्र मी तरी टाळेन. नट बऱ्याचदा पाठमोरे दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गोष्ट न वाचता जाणं. प्रयोग बहुतेक आधुनिक ग्रीकमध्ये, इंग्रजी भाषांतर पडद्यावर. डोळे तिथेच अडकले की कोरसच्या, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाच्या, हालचाली हुकतात, आणि निम्मं नाटक तर कोरसमध्येच असतं! प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘ईडिपस’ असेल तर पुलंचं ‘राजा ओयदिपौस’ आधी वाचून जा. शिवाय रक्तपाताची वाट बघत बसू नका. ईडिपस डोळे फोडून घेतो ते रंगमंचाआड. आपल्याला कळतं ते दूताच्या तोंडून. तो लांबलचक संवाद म्हणजे नाटकाचा कळस, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी मोबाइल काढतो. अंधारात तो उजेड शंभर जणांना टोचतो.

दगडावर दोन तास बसायचं असतं, तेव्हा उशी घ्याच. सोबत पाणी आणि एक पातळ शाल. दुपारी कितीही भाजलं तरी रात्री डोंगरातला वारा लागतो.

परतीची बस आधीच ठरवा, नाहीतर मुक्काम नाफ्प्लिओला करा. ते तासाभराच्या आत आहे. स्वतःची गाडी असेल तर लावतानाच तोंड बाहेरच्या दिशेला करून लावा. हजारो माणसं एकाच वेळी निघतात.