कविता डोळ्यासमोर येतच नाही? मग वाचताना या चुका टाळा

"शब्द सगळे कळले पण दिसलं काहीच नाही" अशी तक्रार कवितेबद्दल खूप जण करतात आणि मग दोष एकतर कवीला देतात नाहीतर स्वतःच्या डोक्याला. बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात, गडबड असते वाचायच्या सवयीत.

अर्थाची घाई

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती शाळेतच लागते, कारण रसग्रहण लिहायचं म्हटलं की 'कवीला काय सांगायचंय' हेच आधी शोधायचं असतं. बालकवींची 'औदुंबर' घ्या. आठच ओळी आहेत. "ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन, निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातुन" अशी सुरुवात, मग टेकडीकडे चार घरांचं गाव, पुढे शेतमळे, त्यातून अडवीतिडवी गेलेली पांढरी पायवाट, ती हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे जाते, आणि अगदी शेवटचा शब्द येतो औदुंबर. ज्याचं नाव कवितेला दिलंय त्याला भेटायला कवी आपल्याला आठ ओळी चालवतो! आणि रंग बघा ना, हिरवा, निळा, पांढरा आणि मग काळा. उदास, एकटा असा एकही शब्द नाहीये तरी डोहापाशी पोचेपर्यंत मन बदललेलं असतं, ते काम नुसत्या चित्रांनी केलंय. घाईत वाचणारा थेट 'निसर्गाचं सुंदर वर्णन' असं लिहून मोकळा होतो आणि हा सगळा प्रवासच हुकतो.

उपाय सोपा आहे. खालच्या ओळी कागदाने झाका, एकेक ओळ उघडा, आणि पेन्सिलने नकाशा काढा, झरा कुठे, टेकडी कुठे, वाट कुठून कुठे जाते. चित्रकला आली नाही तरी चालतं, रेघा पुरेत.

संदर्भ आधी, चित्र नंतर

औदुंबर म्हटलं की आपल्याला दत्त आठवतात, नरसोबाची वाडी आठवते. आठवू द्या, कारण त्यानेच "पाय टाकुनी जळात बसला" यात कुणाला ध्यानस्थ योगी दिसतो आणि कुणाला पाण्यात पाय सोडून बसलेलं निवांत पोर, ओळीत दोघांनाही जागा आहे. पण पहिल्याच ओळीपासून दत्त डोक्यात घेऊन बसलात तर वाट आणि डोह दिसणारच नाहीत. आधी झाड बघा, मग देव.

चुकीचा संदर्भ

ज्ञानेश्वरांची विरहिणी, "पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे". आज शहरातल्या किंवा परदेशात वाढलेल्या मुलाला कावळा म्हटलं की पिंडाला शिवणारा कावळा आठवतो आणि मग ओळ उगाच भेसूर वाटते. इथला कावळा दुसरा आहे, तो ओरडला की पाहुणा येतो अशी समजूत होती, म्हणून तर ती त्याला दहीभात देऊ करते, सोन्याने पाय मढवीन म्हणते. पाहुणा कोण तर पंढरीराव. एकाच पक्ष्याचे दोन संदर्भ आपल्याकडे आहेत, कुठला चालू आहे ते शेजारच्या ओळी सांगतात, त्यामुळे कावळा भेटला की लगेच ठरवू नका, दोन ओळी पुढे जाऊन मग ठरवा.

वस्तू माहीत नसताना पुढे जाणं

बहिणाबाईंचं "आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर". संसारात कष्ट असतात एवढंच घेतलं तर ते कुणीही सांगेल. चुलीवर तापलेला तवा आणि त्यावर भाकरी टाकणारा, उलटणारा हात एकदा कुणाकडे तरी नीट बघा, मग 'आधी' आणि 'तंव्हा' हे शब्द हाताला जाणवतात.

घाण दिसली की नजर फिरवणं

मर्ढेकरांचे "पिपात मेले ओल्या उंदिर" वाचताना लोक पटकन 'हे म्हणजे शहरातला माणूस' असं म्हणून सुटतात. नका सुटू. ओलं पीप, पडलेल्या माना आधी बघाच. पुढे "ओठांवरती ओठ मिळाले" येतं, एरवी प्रेमकवितेत शोभणारं हे चित्र मेलेल्या उंदरांवर आलंय, आणि उंदीर दिसलेच नसतील तर त्यातली भीषणता तुमच्यापर्यंत पोचणार कशी?

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक

स्वतःच्या कवितेत 'मी कर्ण' असं लिहून भागत नाही. कुठला कर्ण? भुंगा मांडी पोखरतोय आणि गुरूंची झोप मोडू नये म्हणून गप्प बसलेला, कवचकुंडलं कापून देणारा, की रुतलेलं चाक उपसणारा? नुसत्या नावाने वाचकाला फक्त कर्ण कोण एवढंच आठवतं, चित्र दिसत नाही. प्रसंग एकच निवडा आणि नाव खोडून बघा. मांडीवरचं रक्त किंवा चिखलातलं चाक नीट उतरलं असेल तर मराठी वाचक नाव स्वतःच घेतो.