फिगर स्केटिंगची तेरा वर्षे : नव्या पालकांसाठी एका आईचे अनुभवकथन

टोरांटोजवळच्या मिसिसागा शहरात राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही आमच्या सहा वर्षांच्या मुलीचे नाव नगरपालिकेच्या रिंकवरील ‘कॅनस्केट’ या नवशिक्यांच्या वर्गात घातले, तेव्हा तिने बर्फावर न घाबरता चालावे एवढीच आमची अपेक्षा होती. पुढे ती एकोणीस वर्षांची होईपर्यंत स्पर्धा खेळली. एकेरीत ज्युनियर गटातून राष्ट्रीय पात्रता स्पर्धेपर्यंत, आणि नंतर सिंक्रोनाइज्ड, म्हणजे अनेक जणींनी एकत्र स्केटिंग करण्याच्या, संघातून एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेपर्यंत ती पोहोचली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत आता लहान मुलांचे आईवडील मला भेटतात आणि पहिल्यांदा हेच विचारतात, की दुहेरी उडी, म्हणजे हवेत दोन फेरे घेणारी, कितव्या वर्षी आली, तिहेरी कितव्या वर्षी आली. मलाही त्या काळी हाच प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. आमची दोन वर्षे त्यापायी खर्ची पडली, म्हणून मी आधी ब्लेडच्या धारेविषयी लिहिणार आहे.

फिगर स्केटच्या ब्लेडला सुरीसारखी एकच धार नसते. तळाशी लांबीभर एक उथळ खोबण असते आणि तिच्या दोन्ही कडांना एकेक धार असते. पायाच्या आतल्या बाजूची ती आतली धार आणि दुसरी ती बाहेरची. स्केटर सरळ रेषेत क्वचितच जातो. तो सतत यांपैकी एका धारेवर कलून वळण घेत असतो, आणि सहा मूळ उड्यांची ओळखही मुख्यतः कोणत्या धारेवरून उडी घेतली यावरूनच ठरते. अ‍ॅक्सल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात, त्यामुळे तिच्यात अर्धा फेरा अधिक असतो. फ्लिप आणि लुट्झ या दोन्ही उड्या मागे सरकताना, दुसऱ्या पायाच्या ब्लेडचे पुढचे दाते बर्फात रोवून घ्यायच्या असतात. फ्लिप आतल्या धारेवरून, लुट्झ बाहेरच्या. हा फरक कागदावर अगदी किरकोळ दिसतो. परंतु बाहेरच्या धारेचे वळण एका दिशेला आणि हवेतील फिरकी तिच्या उलट दिशेला असल्यामुळे लुट्झ घेताना शरीराला स्वतःच्याच वळणाविरुद्ध जावे लागते, आणि मूल घाईत असेल तर शेवटच्या क्षणी घोटा आत कलतो व लुट्झच्या नावाखाली फ्लिपच होते. रिंकवर या चुकीला ‘फ्लुट्झ’ म्हणतात.

आमच्या मुलीची लुट्झ दहाव्या वर्षी ‘आली’ आणि आम्ही पेढे वाटले. अकराव्या वर्षी एका प्रांतिक स्पर्धेत तांत्रिक पंचांनी तिची उडी संथगतीने पुन्हा पाहिली आणि निकालपत्रकात त्या उडीपुढे ‘ई’ हे अक्षर छापून आले, म्हणजे चुकीची धार. तोपर्यंत ही चूक तिच्या शरीरात हजारो वेळा घोटली गेली होती. नव्या प्रशिक्षिकेने ती उडी संपूर्ण हंगामभर तिच्या स्पर्धेतल्या सादरीकरणातून काढून टाकली आणि रोज सकाळी पहिली पंधरा मिनिटे केवळ बाहेरच्या धारेवर मागे सरकत अर्धवर्तुळे काढायला लावली. मी रिंकबाहेर बसून मनातल्या मनात तासाच्या शुल्काचा हिशोब करत असे आणि मला ते पैसे वाया जात आहेत असे वाटे. उडी दुरुस्त व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागली.

त्या अक्षराची किंमत वरच्या पातळीवर किती असते, हे आकड्यांतून पाहावे. 2022-23 च्या हंगामातील गुणतक्त्यात तिहेरी लुट्झचे मूळ गुण 5.90 होते. धार स्पष्टपणे चुकली की त्यातले 80 टक्के, म्हणजे 4.72 उरतात. शिवाय प्रत्येक उडीला पंच उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात आणि त्यातील प्रत्येक पायरी उडीच्या गुणांच्या दहा टक्क्यांची असते. चुकीच्या धारेमुळे उणे तीन मिळाले, तर हाती 3.30 राहतात, आणि 3.30 हे स्वच्छ दुहेरी अ‍ॅक्सलचे मूळ गुण आहेत. तिहेरी उडी शिकण्याचे कष्ट, पडणे आणि दुखापतीचा धोका, हे सगळे सोसून मूल तिथेच येऊन उभे राहते, जिथे ते दुहेरी अ‍ॅक्सल करूनही पोहोचले असते.

म्हणून प्रशिक्षक निवडताना मी त्यांच्याकडची दहा वर्षांची मुले पाहत नाही, पंधरा-सोळा वर्षांची पाहते. ती अजून स्केटिंग करत आहेत का, त्यांच्या सरावातला किती वेळ उड्यांशिवाय जातो, वळताना ब्लेडचा आवाज खरवडल्यासारखा येतो की जवळजवळ येतच नाही, हे सामान्य पालकालाही कळते. जपानी स्केटर युझुरू हान्यू याचे स्केटिंग आम्ही घरी शेकडो वेळा पाहिले असेल. सेंदाईत 1994 साली जन्मलेला हा मुलगा 2011 च्या भूकंपाच्या वेळी तिथल्या रिंकवर सराव करत होता. पुढच्या वर्षी तो टोरांटोत प्रशिक्षक ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकायला आला, आणि 2014 व 2018 ची ऑलिंपिक सुवर्णपदके त्याने जिंकली. लोकांना त्याच्या चार फेऱ्यांच्या उड्या आठवतात. माझ्या मुलीच्या प्रशिक्षिका मात्र उडीच्या आधीचे पाच सेकंद पुनःपुन्हा दाखवत असत.

स्पर्धांची शिडी थोडक्यात सांगते. इथे क्लब, मग प्रांत, मग राष्ट्रीय पात्रता स्पर्धा आणि त्यानंतर राष्ट्रीय अजिंक्यपद असा क्रम असतो. आंतरराष्ट्रीय ज्युनियर एकेरीसाठी 1 जुलैपूर्वी 13 वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात आणि 19 पूर्ण झालेली नसावी लागतात. वरिष्ठ गटाचे किमान वय आंतरराष्ट्रीय महासंघाने 2022 च्या अधिवेशनात टप्प्याटप्प्याने 17 करण्याचे ठरवले, आणि आई म्हणून मला हा निर्णय फार योग्य वाटतो. जागतिक अजिंक्यपदात एका देशाला एका प्रकारात जास्तीत जास्त तीन जागा मिळतात आणि त्या आदल्या वर्षीच्या क्रमांकांवरून ठरतात. याखेरीज स्केटरने किमान तांत्रिक गुण आधीच मिळवलेले असावे लागतात. कॅनडा, जपान किंवा अमेरिका यांसारख्या देशात उत्तम मुलीलाही जागेसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते.

त्यामुळे काही मराठी पालक भारताकडून खेळण्याचा विचार करतात. अमेरिकेत जन्मलेली तारा प्रसाद भारताकडून खेळते, हे उदाहरण त्यांच्यासमोर असते. परंतु भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि 2008 पासूनच्या सरकारी धोरणानुसार भारताचे प्रतिनिधित्व करण्यासाठी भारतीय पारपत्र लागते. परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड त्यासाठी पुरत नाही. ताराने भारतीय नागरिकत्व घेतले. हा निर्णय मुलाच्या शिक्षणावर आणि पुढच्या आयुष्यावर परिणाम करणारा आहे, म्हणून तो मूल स्वतः विचार करू शकेल तेव्हाच घ्यावा आणि त्या वेळचे नियम तपासून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते.

खर्चात बर्फावरचा वेळ आणि प्रशिक्षकांचे तास हे दोन मोठे भाग. नृत्यरचना, पोशाख, प्रवास आणि ब्लेडला धार लावणे हे त्यानंतर येते. बूट आणि ब्लेड वरच्या पातळीवर वेगवेगळे विकत घेऊन जोडून घेतात, आणि वाढीच्या वयात आम्हाला वर्षातून दोनदा बूट घ्यावे लागले. मोठ्या मापाचे घेऊन पुढच्या वर्षी पुरवण्याचा मोह टाळावा, कारण सैल बुटात घोटा हलतो आणि धार हातची जाते.

बारा ते पंधरा या वयाबद्दल मात्र मला अधिक बोलायचे आहे. एका उन्हाळ्यात मुलगी चार इंच वाढली आणि आलेल्या सगळ्या उड्या गेल्या, कारण फिरकीचा आस, वजनाची वाटणी आणि वेळ हे सारे बदलले होते. या काळात मुली कमी जेवू लागतात. रिंकवर कोणीतरी सहज म्हणून गेलेले वाक्य त्यांच्या मनात घर करते. आमच्या मुलीने डब्यातली पोळी परत आणायला सुरुवात केली, हे मला तीन आठवडे लक्षात आले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. पाळी थांबणे, सतत थकवा येणे, नडगीचे दुखणे न थांबणे, यांपैकी काहीही दिसले तर स्पर्धा जवळ आली असली तरी आधी डॉक्टरांकडे जावे. अपुऱ्या खाण्याने हाडे कमकुवत होतात आणि उडीनंतर एका पायावर येणारा भार ती पेलू शकत नाहीत. आम्ही तो हंगाम सोडला. तिने त्या वर्षी फक्त धारा आणि फिरक्या केल्या, आणि वजनाचा काटा घरातून गेला.

सतराव्या वर्षी एकेरीत पुढे जागा दिसेना, तेव्हा ती सोळा जणींच्या सिंक्रोनाइज्ड संघात गेली. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, त्यामुळे अनेक पालक त्याचे नावही काढत नाहीत. हातात हात गुंफून वेगाने एकमेकींच्या रांगांतून जाताना एकीचीही धार घसरली तर सगळी रांग मोडते, आणि संघनिवडीत तिला घेतले गेले ते लुट्झ दुरुस्त करताना काढलेल्या त्या अर्धवर्तुळांमुळे, असे तिच्या नव्या प्रशिक्षिकांनीच सांगितले. स्पर्धा संपल्यावर प्रशिक्षण, नृत्यरचना, आइस शो किंवा तांत्रिक पंचाचे काम असे मार्ग असतात. ती सध्या विद्यापीठात शिकते आणि शनिवारी सकाळी त्याच नगरपालिकेच्या रिंकवर सहा-सात वर्षांच्या मुलांना शिकवते. तास सुरू होण्याआधी ती बर्फावर जाड मार्करने मोठी वर्तुळे काढते, आणि मुले एकेका पायावर, बाहेरच्या धारेने, त्या रेषेवरून जायचा प्रयत्न करतात.