स्कॉटलंडची लिंक्स गोल्फ ट्रिप ठरवताय? या चुका टाळा

आपल्याकडचे गोल्फर स्कॉटलंडला लिंक्सवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीवरच्या कोर्सवर, खेळायला जायचं ठरवतात तेव्हा क्रम बहुतेक वेळा असा असतो: आधी चौघांच्या सुट्ट्या जुळवायच्या, मग स्वस्त तिकिटं दिसली की काढून टाकायची, मग हॉटेल, आणि सगळं झाल्यावर कोणीतरी विचारतं, अरे, ओल्ड कोर्सच्या टी टाइमचं कोण बघतंय? टी टाइम म्हणजे कोर्सवर खेळ सुरू करायची बुक केलेली वेळ, आणि निम्मी ट्रिप इथेच बिघडते. टी टाइम आधी, विमान नंतर. एवढा एक क्रम बदलला तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, लिंक्स ट्रस्ट तो चालवतं, त्यामुळे कुठल्याही क्लबचे मेंबर नसलात तरी खेळता येतं. पण जागा मोजक्या आणि अख्ख्या जगाला तिथे खेळायचंय. आगाऊ बुकिंग आदल्या वर्षीच होऊन जातं. ते हुकलं तर बॅलट आहे, म्हणजे सोडत. ज्या दिवशी खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी नावं द्यायची, कमीत कमी दोघं आणि जास्तीत जास्त चौघं. एकटे असाल तर एकट्यांची सोडत वेगळी असते, आदल्या दिवशी तिथे प्रत्यक्ष जाऊन नाव द्यावं लागतं. आता गंमत बघा, लोक सेंट अँड्र्यूजला एक रात्र ठेवतात आणि नंबर लागला नाही म्हणून हळहळतात. एका दिवसावर सोडत खेळायचीच नाही. चार-पाच रात्री तिथेच राहा, रोज नाव टाका, आणि मधल्या दिवसांना न्यू कोर्स, ज्युबिली, ईडन हे खेळून घ्या. न्यू कोर्स नावाला न्यू, तो १८९५ चा आहे, ओल्ड टॉम मॉरिसने आखलेला, आणि माझ्या मते गावातला सगळ्यात कमी कौतुक झालेला उत्तम कोर्स तोच.

बॅलटच्या हिशोबात रविवार धरू नका. ओल्ड कोर्स रविवारी खेळायला बंद असतो, त्या दिवशी गावातले लोक कुत्री घेऊन तिथे फिरतात. तुम्हीही जा. १४ व्या होलवरच्या हेल बंकरच्या, म्हणजे वाळूच्या मोठ्या खड्ड्याच्या, काठावर उभं राहून बघितलं, सतराव्याचं ग्रीन आणि त्याच्यामागचा रस्ता चालत बघितला, की दुसऱ्या दिवशी कुठे मारायचं नाही हे डोक्यात पक्कं बसतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या तारखा बघत असाल तर डनहिल लिंक्स स्पर्धा कधी आहे ते आधी बघा, तेव्हा ओल्ड कोर्स, कार्नुस्टी आणि किंग्जबार्न्स तिन्ही अडकलेले असतात. आणि २०२७ च्या जुलैमध्ये ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन स्पर्धा, तिथेच आहे, त्यामुळे त्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्स खेळण्यासाठी म्हणून जाऊ नका, ओपन बघायला जात असाल तर गोष्ट वेगळी.

हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा, त्याचं सर्टिफिकेट हा छोटा कागद पण त्याच्यावाचून अडतं. आपल्या क्लबकडून इंडियन गोल्फ युनियनच्या हँडिकॅपचा पुरावा घ्या, प्रिंट काढा आणि हँडबॅगेत ठेवा, गोल्फ बॅगेत नाही, कारण गोल्फ बॅग एक दिवस उशिरा पोचू शकते.

नकाशा बघून हाव सुटते

ही दुसरी मोठी चूक. स्कॉटलंड नकाशावर इवलंसं दिसतं म्हणून सात दिवसांत सेंट अँड्र्यूज, टर्नबेरी, डॉर्नॉख आणि शिवाय मॅक्रिहॅनिश असा बेत होतो. प्रत्यक्षात सेंट अँड्र्यूज ते रॉयल डॉर्नॉख चार तासांच्या आसपास गाडी, आणि मॅक्रिहॅनिश किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाजवळ, ग्लासगोहून तीन तासांपेक्षा जास्त, वाटेत वळणंच वळणं. पहिला टी शॉट समुद्रकिनाऱ्यावरून मारायला मिळतो हे खरं, आणि तो अनुभव घ्यावा असाच आहे, पण त्याच्यासाठी वेगळी ट्रिप करा. एका आठवड्यात एक, फार तर दोन मुक्काम. फाइफमध्ये, म्हणजे सेंट अँड्र्यूजच्या भागात, राहिलात तर टे नदीपलीकडचं कार्नुस्टी तासाभरात येतं. एअरशायर घेतलंत तर प्रेस्टविक आणि रॉयल ट्रून एकमेकांचे शेजारी आहेत. प्रेस्टविकला १८६० मध्ये पहिली ओपन झाली आणि तिथले आंधळे शॉट्स, म्हणजे लक्ष्य न दिसता मारायचे, आजही तसेच आहेत, ट्रूनचं आठवं होल जेमतेम १२३ यार्डांचं आणि तरी भल्याभल्यांचं कार्ड तिथे फाटतं. एडिनबरामध्ये राहिलात तर नॉर्थ बेरिक ट्रेनने अर्ध्या तासावर, तिथे तेराव्या होलचं ग्रीन दगडी भिंतीपलीकडे आहे आणि पंधरावं ते मूळचं तिरप्या ग्रीनचं 'रेडान' होल, ज्याच्या नकला जगभर झाल्या. त्याच पट्ट्यातलं म्युरफील्ड मात्र पाहुण्यांना ठरावीक वारीच घेतं, मंगळवार आणि गुरुवार, तेव्हा ते आधी ठरवून बाकीचे दिवस त्याभोवती बसवा.

खरं सांगायचं तर सात कोर्स एकेकदा खेळण्यापेक्षा चार कोर्स खेळा आणि त्यातला एक दोनदा. सकाळी ज्या होलला ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) आणि वेज (जवळून उंच मारायचा) लागला त्याच होलला दुसऱ्या दिवशी वारा फिरला की ड्रायव्हर आणि लांब आयर्न लागतं, आणि मग तो कोर्स तसा का आखलाय ते कळायला लागतं. पर्यटक म्हणून घाई करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अजून एक, समुद्र दिसला म्हणजे लिंक्स असं नाही. लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली वाळूची जमीन, पाणी झटकन मुरतं, गवत बारीक, खालची जमीन कडक. सेंट अँड्र्यूजचाच कॅसल कोर्स २००८ चा, शेतजमिनीच्या कड्यावर बांधलेला, दृश्य अप्रतिम, पण जुना लिंक्स अनुभव हवा असेल तर दिवस त्याला देऊ नका.

खेळताना काय बिघडतं आणि काय करायचं

पुण्यात किंवा चेंबूरला पावसाळ्यानंतर जमीन मऊ असते, बॉल पडला की बऱ्यापैकी तिथेच थांबतो, आणि आपला सगळा शॉर्ट गेम त्याच्यावर बसलेला असतो. स्कॉटलंडला झेंड्यावर उंच वेज मारला की बॉल टप्पा घेऊन ग्रीनच्या मागे जातो. उपाय सोपा, फक्त अंगवळणी पडायला वेळ लागतो: बॉल ग्रीनच्या आधी टाका आणि घरंगळत जाऊ द्या. तीस यार्डांवरून पटर काढायला लाजू नका, तिथले म्हातारे खेळाडू तेच करतात आणि तेच बरोबर आहे. जाण्याआधी महिनाभर सात किंवा आठ नंबरच्या आयर्नने बॉल घरंगळवायची प्रॅक्टिस करा, आणि जास्त बाउन्सचा (तळाला जास्त फुगवटा असलेला) सँड वेज कडक जमिनीवर आपटून उडतो म्हणून कमी बाउन्सचा एक वेज सोबत ठेवा.

वाऱ्यात शॉट वर चढून मागे येत असेल तर जोर वाढवू नका, जोराने स्पिन वाढतो आणि बॉल अजून वर जातो. दोन नंबर मोठा क्लब, बॉल स्टान्समध्ये थोडा मागे, अर्धा-पाऊण स्विंग. कोर्स सरळ जाऊन परत येणारा असेल तर पहिले नऊ वाऱ्यासोबत छान झाले म्हणून हुरळून जाऊ नका, परतीचे नऊ बाकी असतात.

पॉट बंकरमध्ये, म्हणजे छोट्या पण खोल वाळूच्या खड्ड्यात, अडकलात आणि समोरची गवताची भिंत छातीएवढी असेल तर बाजूला मारा, नाहीतर चक्क मागे. तेही शक्य नसेल तर २०१९ पासूनच्या नियमांनुसार दोन पेनल्टी घेऊन बंकरच्या बाहेर, मागच्या रेषेत ड्रॉप घेता येतो. चौथा प्रयत्न आत करण्यापेक्षा ते स्वस्त. कार्नुस्टीला १९९९ च्या ओपनमध्ये जाँ व्हॅन डे वेल्डे शेवटच्या होलला तीन शॉट्सने पुढे होता, बॅरी बर्न या ओढ्याच्या पाण्यात बॉल गेला, सात शॉट्स लागले आणि प्लेऑफमध्ये ओपन गेली. सोडवणारा शॉट घेण्यात कमीपणा नाही. ओल्ड कोर्सवर शंका आली तर डावीकडे मारा, तिथे बराचसा धोका उजवीकडे आहे.

बॅग उचलायला कॅडी आपोआप येईल हे गृहीत धरू नका. आपल्याकडे क्लबच्या दारातच कॅडी मिळतो, तिथे आधी बुक करावा लागतो, त्याचे पैसे ग्रीन फीपेक्षा वेगळे, वर टिप, आणि बहुतेक ठिकाणी रोख. जुन्या लिंक्सवर बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) सहसा फक्त वैद्यकीय कारणासाठी मिळते, म्हणून घरच्या ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर आधीच विचारा आणि डॉक्टरांचं पत्र ठेवा. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, पण पहिल्या राउंडला कॅडी घ्याच, आंधळ्या शॉटला कुठल्या चर्चच्या टोकावर मारायचं हे तोच सांगतो. आणि चालायचा वेग ठेवा, चौघांचा राउंड चार तासांत व्हावा अशी तिथे अपेक्षा असते.

कपड्यांचं थोडक्यात: छत्रीवर विसंबू नका, वाऱ्यात ती उलटते. चांगलं रेन जॅकेट आणि पँट, ओल्यात पकड देणारे ग्लव्ह्ज, लोकरीची टोपी, बुटांचे दोन जोड. जुलै असला तरी.

गाडी आणि व्हिसा

भारतीय लायसन्सवर तिथे वर्षभरापर्यंत चालवता येतं आणि गाड्या डावीकडूनच चालतात, ते सोयीचं. पण चौघं आणि चार गोल्फ बॅगा साध्या सेडानमध्ये बसत नाहीत, मोठी गाडी आधीच बुक करा. आणि डिस्टिलरी बघायला जाणार असाल तर ज्याच्या हातात गाडी त्याने प्यायचीच नाही, स्कॉटलंडची दारूची मर्यादा २०१४ पासून इंग्लंडपेक्षा कडक आहे.

आयर्लंड जोडायचं असेल तर नीट बघा. रॉयल पोर्टरश आणि रॉयल काउंटी डाउन उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्याच व्हिसावर. बॅलीबनियन आणि लाहिंच आयर्लंड प्रजासत्ताकात, तो वेगळा देश. ब्रिटनचा व्हिसा असलेल्या भारतीयांसाठी सवलतीची योजना आहे, पण ती तुमच्या व्हिसाला लागू होते की नाही हे बुकिंगच्या आधी बघा, सीमेवर चौकी दिसत नाही म्हणून चालून जाईल असं धरू नका. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, तो पहिल्याच आठवड्यात करून टाका, कारण उन्हाळ्यात सगळ्यांचीच गर्दी असते आणि हातात असलेला टी टाइम परत मिळत नाही.