पाणलोटाचं काम करताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून बोलावणं येतं. डोंगरावर पाणी अडवून मुरवायचं श्रमदान सुरू झालेलं असतं, पोरं हिरिरीनं खणत असतात आणि शिवारात पाऊल टाकलं की त्याच त्या चुका दिसतात. रोजगार बुडवून आलेल्या माणसांच्या कष्टाचं पहिल्या वळवात मातेरं होतं, ते बघवत नाही. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

नजरेनं आखलेले चर

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सलग समतल चर म्हणजे डोंगरउताराला आडवा खणलेला लांब चर. त्याचा तळ एका पातळीत असेल तर पाणी जागेवर थांबतं आणि मुरतं. थोडा जरी उतार राहिला तरी त्याचा पाट होतो. डोंगरउतारावर डोळा हमखास फसवतो, अगदी जन्मभर त्याच रानात गुरं वळलेल्या माणसाचाही.

माणदेशाकडच्या एका गावात तरुणांना भारी घाई होती. ए-फ्रेम (समान पातळी शोधायची, मधे ओळंबा टांगलेली इंग्रजी ए आकाराची चौकट) लावून पावला-पावलावर खूण करायला वेळ जातो, म्हणून त्यांनी दोरी ताणली, फक्की मारली आणि सरळ रेषेत चर खणले. पण डोंगर कधी सरळ नसतो, त्याच्या अंगाला वळणं असतात. फोटोत त्या ओळी फार देखण्या दिसत होत्या. मी वरच्या चरात फ्रेम उभी केली तर ओळंबा मधल्या खुणेवर येईचना. म्हटलं, "अजून पाऊस लांब आहे. नवं खणू नका, आहेत त्या चरांत थोड्या थोड्या अंतरावर मातीच्या आडभिंती घाला." उत्तर आलं, "दादा, ते मागनं बघू. अजून लई उरकायचंय."

मेअखेरीला वळीव आला. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं. म्हणजे १०० मीटरच्या चरात १८ हजार लिटर. एवढं पाणी सगळ्या लांबीत पसरून थांबायच्या ऐवजी खालच्या टोकाला धावलं. तिथला भराव फुटला, तो लोंढा खालच्या चरावर आदळला, तोही फुटला. बघता बघता डोंगराला ओघळ पडली. पायथ्याचा माती नालाबांध गाळानं भरला आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या नांगरलेल्या रानात दगडगोटे येऊन पडले. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात माणसं जमवणं अवघड गेलं. माती वाहून गेली त्यापेक्षा मला हे नुकसान मोठं वाटतं.

माझी पद्धत सांगतो. कामाला लागण्याआधी रोज फ्रेम तपासायची: एका जागी उभी करून ओळंब्याची खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा बघायचं. दोन्ही खुणांच्या मधोमध खरी पातळी. कालची खूण आज धरायची नाही, कारण बांधलेली दोरी रात्रीतून सैल होते. आखणी एकाच माणसाकडे द्यायची आणि त्याच्या हातात कुदळ द्यायची नाही. आखणी पुरी झाल्याशिवाय पहिला घाव घालू देत नाही, मग कोणी कितीही रुसो. खणलेली माती उताराच्या बाजूला टाकायची, पण चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून, नाहीतर पहिल्या सरीत ती परत चरात. त्याच भरावावर पावसाच्या तोंडावर स्टायलो किंवा मारवेल गवताचं बी टाकायचं. आणि चर चुकलाच असेल तर बुजवत बसू नका, आडभिंती घाला. पडलेल्या ओघळीत वरून खाली टप्प्याटप्प्यानं दगडी बांध रचा.

आधी पोकलेन, मग डोंगर

काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरी पहिलं मशीन नाल्यातच उतरतं, कारण तिथं दोन दिवसांत मोठा खड्डा दिसतो आणि वर्गणी देणाऱ्याला दाखवता येतो. एक हेक्टरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होतं. अख्ख्या डोंगराचं असं पाणी माती घेऊन खाली आलं, की नाला एकाच पावसाळ्यात गाळानं भरतो.

दुसरं त्याहून गंभीर. आपल्या दख्खनच्या पठारावर मातीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग अखंड काळा पाषाण असे थर असतात. विहिरीचं पाणी मुरमात आणि भेगांत साठलेलं असतं. नाला खोल करत हा थर कापला, की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी कडेनं पाझरून नाल्यात येतं. लोक म्हणतात, बघा पाणी लागलं. ते पाणी विहिरीतलंच असतं, आता उन्हात वाळायला उघडं पडलेलं. गाळ काढा, कठीण मुरूम लागला की थांबा. मशीनवाल्याला तासावर पैसे मिळतात, तो थांबणार नाही. थांबवणारा माणूस गावाचा हवा आणि त्यानं नाल्यातच उभं राहायला हवं.

झाडांचं

पर्यावरण दिन आहे म्हणून ५ जूनला कोरड्या खड्ड्यात रोप लावू नका, दोन चांगले पाऊस होऊ द्या. गुलमोहर, निलगिरी, गिरिपुष्प ही परदेशी झाडं पुरे झाली. कडुनिंब, बोर, हिवर, करंज, आपटा लावा. आणि ओसाड दिसतं म्हणून माळरानावर झाडं लावू नका. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य गवताळ माळावर आहे. लांडगा, खोकड आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांचं घर तेच. तिथं गवत राखणं हेच पर्यावरणाचं काम आहे.

चराईबंदी न करता लावलेलं रोप म्हणजे शेळीचा चारा. बंदी करताना मेंढपाळांना बैठकीला बोलवा आणि गवत कापून न्यायची मुभा द्या.

काम झालं, नियम नाहीत

२०१६ ते २०१९ या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत गावांनी ४५ दिवसांत मोठी कामं केली. एकजूट काय करू शकते हे महाराष्ट्रानं पाहिलं. पण ४५ दिवसांत पाणी अडवता येतं, राखायचं काम कायमचं असतं. विहिरीला पाणी वाढलं की पहिल्याच वर्षी ऊस आणि नवी बोअर येते. विहिरीचा तळ मग पुन्हा उघडा.

हिवरे बाजार हे अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातलं, कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीबरोबर त्यांनी शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, ऊस-केळीला नाही म्हटलं. गावाचं हे काम उभं करणारे पोपटराव पवार आणि गावकरी पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती झाला, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचं. भेट देणारे तिथले बंधारे बघून येतात, हा ताळेबंद कोणी विचारत नाही.

तुमच्या गावात आधी पर्जन्यमापक बसवा, तालुक्याच्या आकड्यावर विसंबू नका. चार-पाच विहिरी ठरवून दर महिन्याला त्यांची पातळी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आणि बोअरबंदीचा ठराव विहिरी भरायच्या आधी, श्रमदान चालू असतानाच घ्या. पाणी आल्यावर त्यावर सह्या मिळत नाहीत.