कमान की डोलकाठी: वेल्डरला बोलावण्याआधीची तयारी

पावसाळ्यासाठी बोट वर ओढली की कामांची यादी निघते. बारा-तेरा मीटरच्या फ्लायब्रिजवाल्या, म्हणजे छतावर बसायची आणि बोट चालवायची उघडी जागा असलेल्या, मोटरयॉटवर त्यात हमखास एक प्रश्न असतो: रडार, दिवे आणि अँटेना मागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या कमानीवर घ्यायच्या की मधोमध आखूड डोलकाठी उभारायची? मुंबई-मांडवा-अलिबाग पट्ट्यात बहुतेक जण कमान करतात, कारण ती दिसते छान. मला हे पटत नाही. आधी सामान ठरवावं, मग आकार.

त्यातलं एक काम मे महिन्यात, बोट पाण्यात असतानाच उरकावं लागतं. वारा पडलेला असताना दोर सैल सोडावेत, पाण्याच्या आणि डिझेलच्या टाक्यांची पातळी लिहून ठेवावी आणि दोघांनी कडेला लयीत जोर देऊन बोट डोलवावी. दहा डोलांना किती सेकंद लागले ते टिपून ठेवावं. नवं काम बसल्यावर त्याच पातळ्या ठेवून पुन्हा मोजायचं. वेळ ठळकपणे वाढला, बोट सावकाश सावरू लागली, तर वरचं वजन तिला जड जातंय. बोट एकदा वर आली की ही आधीची नोंद मिळत नाही.

मग सामानाची वजनं मांडावीत. समजा कमान सत्तर किलोची आणि तिचं वजन पाण्यापासून चार मीटरवर, म्हणजे गुणाकार २८०. डोलकाठी पंचवीस किलोची, पाच मीटरवर, म्हणजे १२५. उंच असूनही काठी बोटीला हलकी पडते. रडारचा डोम, म्हणजे त्याचा गोल डबा, दोन्हीकडे तोच, सहा-सात किलोचा. म्हणून सामान म्हणजे फक्त रडार, दिवे आणि व्हीएचएफ रेडिओची अँटेना असेल तर माझं मत सरळ डोलकाठीला. कमानीचा खर्च आणि वजन तेव्हाच वसूल होतं, जेव्हा तिच्यावर सोलर पॅनल किंवा बसायच्या जागेवरचं छप्परही येणार असतं. एप्रिल-मेच्या उन्हात छप्पर ही चैन नाही, तेव्हा हे कारण मी पूर्ण मान्य करतो.

उंचीने रडार फार लांबचं पाहील, ही आशा आधी तपासून घ्यावी. मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला २.२ ने गुणलं की रडारचं क्षितिज नॉटिकल मैलांत मिळतं: चार मीटरला ४.४, पाच मीटरला ४.९. मीटरभर चढून अर्धा मैल. उंचीचं खरं कारण वेगळं आहे. डोमचा झोत उभ्यात साधारण २५ अंश पसरतो, आणि फ्लायब्रिजवर उभ्या माणसांची डोकी त्यात येता कामा नयेत. वेगात बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, चार-पाच अंश वर उचलली जाते, म्हणून डोमखाली पुढे झुकणारी पाचर लागते. तीही मापात धरावी. जीपीएस झोताबाहेर, व्हीएचएफ डोमपासून लांब.

दिव्यांचे नियम सोपे आहेत, पण मोडले जातात. १२ ते २० मीटरच्या बोटीला पुढचा पांढरा दिवा बोटीच्या वरच्या काठापासून किमान २.५ मीटर उंच, मध्यरेषेवर आणि समोरून २२५ अंशांत दिसणारा हवा. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला तो बाजूच्या दिव्यांहून किमान एक मीटर वर.

आता बांबू आणि पुठ्ठा आणावा. कमानीचा आणि काठीचा खऱ्या मापाचा सांगाडा बांधून सुकाणूच्या जागी बसावं, मागे वळून धक्का दिसतो का पाहावं. कुंडलिकेसारख्या खाडीत पुलाखालून जाणं असेल तर काठीला बिजागरी हवीच. पुलाखालची जागा उधाणाच्या भरतीची धरायची. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं.

डेकखाली काय आहे ते सांगाडा उतरवण्याआधी बघावं. फायबरच्या दोन थरांत बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम असेल तर प्रत्येक भोकाभोवतीचा गाभा कोरून तिथे इपॉक्सी भरायचं आणि खालून जाड पट्टी द्यायची. नाहीतर पाणी झिरपून डेक आतून कुजतो. ॲल्युमिनियमच्या कामात स्टेनलेसचे बोल्ट असतील तर मध्ये नायलॉनचे वॉशर आणि लेप, कारण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम झिजतं. वेल्डिंग वर्कशॉपमध्येच करून घ्यावं, पावसात बोटीवर नाही. कमानीच्या किंवा काठीच्या नळीत एक जादा दोरी सोडून ठेवावी, पुढची वायर ओढायला. सॅटेलाइट फोनची जागा आखण्याआधी परवाना तपासावा; विनापरवाना संच आपल्याकडे चालत नाही. बोटीच्या नोंदणीत बदल दाखवावा लागेल का, हे सर्वेअरला काम सुरू होण्याआधीच विचारावं.

बोट पाण्यात गेल्यावर पहिल्याच अंधाऱ्या रात्री नांगर टाकून नांगराचा दिवा लावावा आणि होडीतून तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी. डोमआड तो एका बाजूनेही लपत असेल, तर दिव्याची दांडी उंच करावी.